नाशिकमध्ये गर्भपाताचे खरे अनुभव रंगमंचावर सादर करायचे असतील तर काय तयारी लागते?

तुमच्या गटाला नाशिकमधल्या पाच-सहा बायकांचे गर्भपाताचे अनुभव प्रेक्षकांसमोर मांडायचे आहेत. त्या बोलायला तयार आहेत, पण त्यांनी स्वतः उभं राहावं की अभिनेत्रींनी वाचावं, हे तुमचं ठरत नाहीये. माझं मत स्पष्ट आहे: पहिला प्रयोग अभिवाचनाचा करा आणि जिचा अनुभव आहे तिला रंगमंचावर आणू नका. नाशिक कितीही वाढलं तरी सिडकोतली ओळख पंचवटीत निघतेच. प्रेक्षकांत नणंदेची मैत्रीण बसलेली असू शकते. एकदा चेहरा दिसला की तो परत झाकता येत नाही.

रेकॉर्डर सुरू करण्याआधीच तिला दोन गोष्टी सांगा. पहिली, ती गर्भपाताच्या वेळी अठराच्या आतली असेल तर पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार हे कळणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी येते. ती बोलून मोकळी झाल्यावर हे सांगणं म्हणजे तिची फसवणूक. दुसरी, गर्भपात कायद्याच्या चौकटीबाहेर झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये खुद्द बाईलाही शिक्षा आहे. असा अनुभव वकिलाला विचारल्याशिवाय वाचनाच्या संहितेत घेऊ नका. अनुभव बलात्काराशी जोडलेला असेल तर ओळख उघड करणं हाच वेगळा गुन्हा ठरतो.

संमती एकदा घेऊन भागत नाही. मुलाखतीआधी, मसुदा ऐकवल्यावर आणि प्रयोगाच्या आठवडाभर आधी, अशी तीनदा विचारा. प्रयोगाच्या संध्याकाळपर्यंत माघार घ्यायचा हक्क तिचा, म्हणून एक अनुभव जादा तयार ठेवा. मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवू नका. घरात फोन मुलं हाताळतात, नवरा हाताळतो. समोर बसून वाचून दाखवा. सही केलेला संमतीचा कागदच उद्या तिच्याविरुद्ध पुरावा होऊ शकतो, त्यामुळे त्याची एकच प्रत एकाच विश्वासू व्यक्तीकडे कुलपात ठेवा.

सगळ्यात जास्त चुका ओळख बदलताना होतात. नाव बदललं की काम झालं, असं वाटतं. पण ‘नवरा नोट प्रेसमध्ये, दोन मुली, जेल रोडला माहेर’ एवढ्यावर माणूस सापडतो. गाव, नवऱ्याचा धंदा, मुलांची संख्या, साल यांतल्या किमान तीन गोष्टी बदला. डॉक्टर आणि दवाखाना तर पूर्ण गाळा. मात्र विवाहित की अविवाहित, किती आठवडे, कारण काय, निर्णय कोणी घेतला, याला हात लावू नका. तिथे फेरफार केला की अनुभव खोटा होतो. तपशील बदलले आहेत, हे निवेदनात प्रेक्षकांना सांगून टाका.

भाषा तिचीच ठेवा. ती ‘पिशवी साफ केली’ म्हणाली असेल तर तेच वाचलं जावं. सात मिनिटांच्या वाचनाला साधारण आठशे शब्द पुरतात. तासाभराची मुलाखत तिथपर्यंत आणताना आपल्याला आवडणारी वाक्यंच उरतात आणि अडचणीची गळतात, त्यावर लक्ष ठेवा. सहाही जणी शेवटी रडल्या किंवा सहाही जणी मुक्त झाल्या, तर निवड फसली. आपल्याकडे गर्भपात करून घेणाऱ्यांत विवाहित स्त्रियाच बहुसंख्य आहेत, तेव्हा तांबी असूनही दिवस गेलेली दोन मुलांची आई त्यात हवीच. सुरगाणा-पेठसारख्या दूरच्या तालुक्यांतून नाशिकपर्यंत यावं लागणारीही हवी. जिला नुसतं हायसं वाटलं तिचं हायसं वाटणं तसंच राहू द्या.

तालमीत वाचणारीला रडू देऊ नका. ती रडली की प्रेक्षक तिला सावरायला लागतात आणि ऐकणं थांबतं. पाळणा, बाळाचं रडणं, लाल प्रकाश यांतलं काहीही नको. सहा वाचनांची पाऊण तासाची संहिता पुरे; सर्वांत जड अनुभव चौथा ठेवा, शेवटचा नाही. कॉलर माइक साडीच्या पदराला घासून खरखरतो, स्टँडचा माइक बरा.

कालिदास कलामंदिर या कामाला फार मोठं आहे. कुसुमाग्रज स्मारक किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या औरंगाबादकर सभागृहाची चौकशी करा. जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. प्रेक्षागृहात पूर्ण अंधार करू नका, मधेच उठून जाणाऱ्यांना वाट दिसली पाहिजे. बाहेर एका खोलीत समुपदेशक आणि पाणी असू द्या, दारावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. मोबाइल दारातच पाकिटात बंद करून घ्या.

नंतरच्या चर्चेत माइक प्रेक्षकांत फिरवू नका. कोणीतरी ‘ती कोण?’ विचारतंच, किंवा प्रवचन सुरू करतं. चिठ्ठ्या घ्या, उत्तरं स्त्रीरोगतज्ज्ञांना देऊ द्या. गर्भलिंगनिदान आणि गर्भपात यांची गल्लत हमखास येईल. ‘स्त्रीभ्रूणहत्या’च्या फलकांमुळे गर्भपातच बेकायदा आहे, असा अनेकांचा समज झालाय. लिंगनिदानावर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, तर गर्भपात १९७१ च्या कायद्याने अटींसह वैध आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत लागतं, वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही, हे वाक्य चर्चेत मोठ्याने आणि दोनदा सांगा, कारण अडवणूक तिथेच होते.

प्रयोग झाल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येकीशी बोला, पण फोन करायची वेळ आधी तिच्याकडूनच ठरवून घ्या. मूळ ध्वनिमुद्रण कधी पुसणार ती तारीखही तिला द्या आणि त्या दिवशी पुसा. दुसऱ्या गावी प्रयोग न्यायचा असेल तर तिथली संमती वेगळी घ्यायची; नाशिकला दिलेला होकार मालेगावला चालत नाही.