ओव्हन नाही, अंडं चालत नाही. कुत्र्याच्या वाढदिवसाला घरी कपकेक कसे करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला गंगापूर रोडवर फ्लॅट, जिनी नावाची लॅब्राडॉर, वय एक वर्ष, वजन २८ किलो. वाढदिवसाला सोसायटीतली मुलं येणार, त्यांची कुत्रीही येणार. घरात ओव्हन नाही, अंडं शिजत नाही. मुलांचा हट्ट असा की कपकेक चॉकलेटचे दिसलेच पाहिजेत. आणि माणसांनी त्यातलाच एखादा उचलून खाल्ला तर चालेल का, हेही विचारलंय.

सगळं जमतं. माझी इंदिरानगरला छोटी बेकरी आहे, खारी-टोस्ट-नानकटाईचा धंदा, आणि घरी दोन गावठी कुत्री आहेत. त्यामुळे पीठ आणि पोट, दोन्हींची काळजी घेऊन सांगतो.

आधी साखर, गूळ, मध, मीठ, लोणी, तूप, इसेन्स एवढ्या गोष्टी ओट्यावरून उचलून ठेवा. साखर-गूळ म्हणजे काही विष नाही, पण जिनीला त्याची गरजही नाही. पिकलेल्या केळ्यात तिला पुरेसा गोडवा मिळतो. व्हॅनिला इसेन्समध्ये बऱ्याचदा अल्कोहोल असतं आणि वासाच्या बाबतीत तिचं नाक आपल्या बाटलीवर अवलंबून नाही. लोणी-तूप जास्त झालं की कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, मग उलट्या आणि दवाखाना. मैदा चालतो, पण घरात कणीक असताना मैदा कशाला?

आता कृती. पाऊण वाटी कणीक, पाव वाटी नाचणीचं पीठ. नाचणी मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या चॉकलेटचा प्रश्न तिथेच सुटतो. भाजल्यावर नाचणीला असा गडद तपकिरी रंग येतो की मुलं फसणार. एक मोठं, साल काळी पडायला लागलेलं केळं काट्याने कुस्करून घ्या. अर्धी वाटी गाजराचा कीस, अर्धी वाटी ताजं, आंबट नसलेलं दही. अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून ठेवा, ती बुळबुळीत झाली की मिश्रण छान धरून ठेवते. बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, त्याहून जास्त नको. इनो तर नकोच, त्यात सोडियम फार. आणि दोन मोठे चमचे पीनट बटर.

पीनट बटर विकत आणू नका. आपल्या घरात दाण्याचं कूट असतंच. दाणे भाजून, सालं काढून मिक्सरमधून फिरवत राहा. कूट झाल्यावर थांबायचं नाही, आणखी थोडा वेळ फिरवलं की तेल सुटून त्याचं बटर होतं. मीठ नाही, साखर नाही. दाणे मात्र ताजे घ्या. पावसाळ्यात डब्यात राहिलेले, खवट वासाचे किंवा बुरशी धरलेले दाणे चाळून, निवडूनसुद्धा वापरू नका. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृतावर जातं आणि भाजल्याने पुरतं नष्ट होत नाही. कुत्री त्याला फार लवकर बळी पडतात.

सगळं एकत्र करून हलक्या हाताने ढवळा. मळू नका, नाहीतर चिवट होतं. इडलीच्या पिठाइतपत दाट हवं, फार घट्ट वाटलं तर चमचाभर पाणी.

ओव्हन नसल्याचं वाईट वाटून घेऊ नका. मी तुमच्या जागी असतो तर सरळ आप्पेपात्र काढलं असतं. प्रत्येक खळग्यात तेलाचं एक बोट, मंद आच, वर झाकण. चार-पाच मिनिटांनी उलटायचे, मग आणखी तीन-चार मिनिटं. वीसेक आप्पे होतात, प्रत्येक जण एका घासाचा. छोट्या पामेरियनला किंवा शित्झूला अख्खा कपकेक देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. घरात आप्पेपात्र नसेल तर भांडी बाजारात मिळेल, आणि वाढदिवस संपल्यावर तुमच्याही कामाला येईल.

पण मुलांना कपकेकच हवा असेल, त्याचा तो कपासारखा आकार हवा असेल, तर कुकर. शिट्टी आणि रबर काढून ठेवा, तळाला वाटीभर मीठ पसरा, त्यावर रिंग ठेवून कुकर आठ-दहा मिनिटं तापू द्या. मग छोट्या वाट्यांमध्ये किंवा सिलिकॉनच्या साच्यांमध्ये पाऊण उंचीपर्यंत मिश्रण भरून आत ठेवा, मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. काडी खुपसून कोरडी निघाली की झालं. बारा छोटे कपकेक होतील, म्हणजे कुकरमध्ये दोन-तीन घाण्यांत. कागदी कप वापरलेत तर देण्याआधी ते काढणं तुमचं काम. जिनी काही सोलून खाणार नाही, ती कागदासकट गिळेल.

आयसिंगला चक्का. दही रात्रभर फडक्यात टांगून ठेवा, सकाळी घट्ट चक्का मिळतो. पाणी निथळल्यामुळे त्यात दुधातली साखरही थोडी कमी होते, पोटाला बरं. तो तसाच, काहीही न घालता. गुलाबी हवा असेल तर बिटाच्या रसाचे दोन थेंब. घरी श्रीखंड तयार आहे म्हणून तेच थापू नका, त्यात साखर आहे आणि बऱ्याचदा जायफळही. जायफळ जास्त प्रमाणात कुत्र्यांच्या मज्जासंस्थेवर जातं. दूध सोसत नसेल अशा पाहुण्यासाठी उकडलेलं रताळं कुस्करून लावा. रंगाला आणि चवीला मला तर तेच जास्त आवडतं.

इथपर्यंत कोणालाही जमेल. गडबड होते ती वर काय टोचायचं, आत काय मिसळायचं इथे. आपण नाशिककर ज्या दोन पिकांवर मिरवतो, ती द्राक्षं आणि कांदा, दोन्ही कुत्र्यांना घातक आहेत.

जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे कोणाच्याही घरी जा, निफाड-दिंडोरीच्या नातेवाइकाने दिलेली द्राक्षाची पेटी असते. फ्रीजवर बेदाण्यांची बरणी वर्षभर असते. कपकेकवर दोन मनुका डोळे म्हणून लावायची कल्पना मुलांना हमखास सुचते. द्राक्षाने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्लं की होतं याचा भरवशाचा आकडा नाही. एखादं कुत्रं घोसभर खाऊन हिंडतं, दुसरं चार दाण्यांनी आडवं होतं. बेदाणा म्हणजे तेच द्राक्ष आटवलेलं, म्हणून तो जास्त वाईट. आधी उलट्या, सुस्ती, मग एक-दोन दिवसांत लघवी कमी होत जाते. फार वर्षं यामागचं कारण कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षात ते भरपूर असतं, आणि क्रीम ऑफ टार्टर खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये अगदी तशीच लक्षणं त्यांना दिसली होती.

ही शेवटची गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसाचे कान टवकारणारी आहे. क्रीम ऑफ टार्टर बेकिंगच्या सामानात सर्रास मिळतं आणि काही बेकिंग पावडरमध्ये घातलेलं असतं. तेव्हा डब्यावरचे घटक वाचा, ते असेल तर दुसरी पावडर घ्या. चिंचेतही हेच आम्ल असतं, म्हणून चिंचेचा कोळ-बिळ घालून कोणी प्रयोग करत असेल तर थांबवा. आणि त्या दिवशी घरात सत्यनारायणही असेल तर प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे विसरू नका. 'देवाचं आहे, एक घास दिला' असं म्हणणारी एक मावशी प्रत्येक सोसायटीत असते.

कांदा गोड कपकेकमध्ये येणार नाही, हे खरं. पण ज्यांच्याकडे चालतं ते चिकनचे कपकेक करतात. चिकन शिजवताना पाण्यात कांदा-लसूण, आलं-लसूण पेस्ट किंवा बाजारची मसाला वडी पडते, आणि तेच पाणी पिठात. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, पावडर केलेला, कांदा कसाही असला तरी कुत्र्यांच्या लाल रक्तपेशी फोडतो. लसणाचंही तेच. साधारण १० किलोच्या कुत्र्याला एक-दोन मध्यम कांदे त्रास द्यायला पुरतात, आणि त्रास लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रं जिना चढताना दमतं. तोवर घरातले विसरलेले असतात की काय दिलं होतं.

चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं हे तुम्हाला माहीत आहे म्हणूनच विचारलंत, तरी एक हिशेब सांगतो. सर्वांत वाईट कोको पावडर. तिच्या एका मोठ्या चमच्यात साधारण सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम थिओब्रोमिन, म्हणजे चॉकलेटमधलं कुत्र्यांना बाधणारं द्रव्य, असतं. दर किलो वजनाला २० मिलिग्रॅमच्या आसपास उलट्या-अस्वस्थता सुरू होते, म्हणजे ५ किलोच्या पाहुण्याला तो एक चमचा पुरे. 'रंगापुरती चिमूटभर' असं कोणी म्हणालं तर नाचणीचा डबा पुढे करा.

आणि शुगर फ्री काहीही नको. झायलिटॉल नावाची गोडी आपल्याला निरुपद्रवी आहे, पण कुत्र्याच्या शरीरात ती गेली की इन्सुलिन उसळतं, अर्ध्या-एका तासात रक्तातली साखर कोसळते, पुढे यकृतालाही धोका. काही डाएट पीनट बटर, च्युइंगगम, टूथपेस्ट यात ती असते. नाव लिहिलेलं नसेल तर घटकांच्या यादीत ९६७ हा आकडा शोधा. म्हणून तर म्हटलं, बटर घरीच करा.

यातलं काही पोटात गेलंच तर लक्षणांची वाट बघत बसायचं नाही. वेष्टन किंवा डबा सोबत घेऊन लगेच पशुवैद्याकडे. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करू नका, त्याने रक्तातलं सोडियम वाढून वेगळंच संकट उभं राहतं.

आता किती द्यायचे. दिवसभराच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांच्या आत वरचं खाणं असावं, असं पशुवैद्य सांगतात. जिनीला दिवसाला साधारण १३०० ते १४०० कॅलरी लागत असतील, तर वरच्या खाण्याला १३५ च्या आसपास. वर दिलेल्या प्रमाणाचा एक छोटा कपकेक सुमारे ७० कॅलरीचा होतो. म्हणजे दोन, आणि त्या दिवशी बिस्किटं वगैरे बंद. आप्पे केलेत तर तीन. ती आणखी मागेल. लॅब्राडॉर मागतातच. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरमध्ये भूक भागल्याची जाणीव करून देणारं एक जनुक बिघडलेलं असतं. तेव्हा तिच्या डोळ्यांकडे बघून ठरवू नका.

गहू, दूध यांचंही काही कुत्र्यांना वावडं असतं. वाढदिवसाच्या तीन-चार दिवस आधी एक छोटा घाणा करून जिनीला तुकडा देऊन बघा, खाज किंवा जुलाब होत नाहीत ना ते पाहा. गव्हाने त्रास होत असेल तर कणकेच्या जागी ज्वारीचं पीठ, थोडे ठिसूळ होतील एवढंच. येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकाला आदल्या दिवशी फोन करून विचारा. कोणाला मधुमेह असतो, कोणाचं औषध चालू असतं.

कार्यक्रमात मला भीती वाटते ती तुमच्या कपकेकची नाही, शेजारच्या टेबलावरच्या मुलांच्या केकची. तो खरा चॉकलेटचा असणार, पोरांच्या हातात कागदी प्लेटी असणार, आणि त्या प्लेटी नेमक्या जिनीच्या तोंडाच्या उंचीवर. माणसांचं खाणं आधी उरकून, प्लेटी झाकणाच्या डब्यात टाकून मग कुत्र्यांना आत घ्या. मेणबत्ती लावायची तर फोटोपुरती, टूथपिकवरचे झेंडे-बिंडे अजिबात नकोत. फुगे कमीच बरे. कुत्र्यांना कपकेक एकत्र देऊ नका, आपापल्या मालकाकडे, लांब लांब बसवून द्या. खाण्यावरून सख्खे दोस्तही गुरगुरतात.

यात कसलेही टिकवणारे पदार्थ नाहीत, तेव्हा उरलेले हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये तीन दिवस, किंवा चक्का न लावता फ्रीजरमध्ये महिना-दोन महिने. काढल्यावर बाहेर ठेवून गारठा पूर्ण जाऊ द्या, मगच द्या.

राहता राहिला माणसांचा प्रश्न. बिनधास्त खा, सगळं स्वयंपाकघरातलंच आहे. फक्त मीठ-साखर नसल्याने अगदी सपक लागतात. माझे वडील चहात बुडवून चार खातात आणि वर म्हणतात, दुकानात ठेव.