विषयनिवडीचं ॲप: आधी नियम, मग स्क्रीन

प्रश्न: आम्ही बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचे चौघे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार विषय निवडताना मुलं गोंधळतात, म्हणून प्रोजेक्टसाठी विषयनिवडीचं मोबाइल ॲप करतोय. फ्लटरमध्ये (ॲप बनवण्याचं गुगलचं साधन) लॉगिन आणि यादीचे स्क्रीन झालेत. पुढे काय?

उत्तर: स्क्रीन बाजूला ठेवा आणि आपल्या कॉलेजचे नियम कागदावर उतरवून काढा. महाराष्ट्रात एका सत्राला किमान २० आणि जास्तीत जास्त २२ क्रेडिट (अभ्यासाच्या भाराचं माप), ओपन इलेक्टिव्ह (मोकळ्या निवडीचा विषय) मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, विद्याशाखेबाहेरचंच, हे ढोबळ नियम. बाकीचे विद्यापीठागणिक आणि तुकडीगणिक बदलतात. म्हणून २० आणि २२ हे आकडे कोडमध्ये लिहू नका. नियमांचं वेगळं टेबल करा आणि प्रत्येक नियमापुढे तो कोणत्या प्रवेशवर्षापासून लागू आहे ते नोंदवा.

विषयांच्या टेबलात कोड, नाव, क्रेडिट, प्रकार, विद्याशाखा आणि सत्र एवढंच ठेवा. तासिकांचं टेबल निराळं: विषय कोड, वार, सुरुवात, शेवट. नवशिके इथेच चुकतात. ‘सोम, बुध ९:३०’ असा मजकूर विषयाच्याच ओळीत भरतात आणि पुढे त्यातून काही शोधता येत नाही. क्रेडिटवरून तासही काढू नका. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास असतात. त्यामुळे १५ आठवड्यांच्या सत्रात २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल आठवड्याचे चार तास खातं.

वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत साठवा: ९:३० म्हणजे ५७०, ११:०० म्हणजे ६६०. मजकूर म्हणून ठेवली तर ‘१०:३०’ हे ‘९:३०’च्या आधी लागतं, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. वार एकच असेल, पहिल्या तासाची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटापेक्षा लहान असेल आणि दुसऱ्याची सुरुवात पहिल्याच्या शेवटापेक्षा लहान असेल, तर तास आदळतात. इथे ‘लहान किंवा समान’ लिहिलंत, तर १०:३० ला संपणारा आणि १०:३० ला सुरू होणारा तासही ॲप नाकारेल. लागोपाठचे, एकात एक बसणारे, तंतोतंत सारखे आणि वेगळ्या वाराचे तास घेऊन चाचण्या आधीच लिहा.

आणि मुलाला नुसतं ‘निवड चुकीची’ दाखवू नका. कोणता विषय कोणाशी आदळतो, किती क्रेडिट कमी पडतात, तेही सांगा. ॲपचा खरा उपयोग तोच आहे.

प्रश्न: शेवटची एक जागा दोघांनी एकाच क्षणी निवडली तर?

उत्तर: ‘जागा आहे का’ हे आधी फोनवर वाचून नंतर एक वजा केलं, तर दोघांनाही जागा मिळते. तपासणं आणि वजाबाकी सर्व्हरवर एकाच आदेशात करा: जागा शून्यापेक्षा जास्त असेल तरच एक कमी कर. त्या आदेशाने टेबलातल्या किती ओळी बदलल्या ते पाहा. शून्य आलं तर जागा गेली. फायरस्टोअर (गुगलचा ऑनलाइन डेटाबेस) वापरत असाल तर ट्रान्झॅक्शन घ्या, म्हणजे वाचणं आणि बदलणं एकत्रच होतं, पण नेट नसताना ते अयशस्वी होतं, तेव्हा तसा संदेश दाखवा. विषय निवडायची मुदतही सर्व्हरच्या घड्याळावर तपासा, फोनचं घड्याळ कोणीही मागे करू शकतो.

प्रश्न: परीक्षेआधी प्ले स्टोअरवर टाकता येईल?

उत्तर: नव्या वैयक्तिक खात्याला २५ डॉलर एकदाच भरावे लागतात आणि किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत (फक्त निवडलेल्यांना ॲप मिळतं अशा) राहावं लागतं. त्यानंतरही गुगलची तपासणी असतेच. हाताशी महिना नसेल तर एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवायची फाइल) थेट परीक्षकांच्या फोनवर टाका.