बेळगावात राहून एक्स-रे, सीटी केंद्रांचा निरीक्षक व्हायचं आहे. फिजिक्समध्ये बी.एस्सी. आहे, पुढे काय शिकू?

एम.एस्सी. फिजिक्स करा, मग मुंबईला बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा. एक्स-रे, सीटीची तपासणी एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ करतं. सोनोग्राफी त्यांच्याकडे येत नाही. ती पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली जिल्ह्याची यंत्रणा बघते.

पण डिप्लोमा मिळाला की नजर येते असं समजू नका. मी निपाणीपासून खानापूरपर्यंत मशीनच्या क्यूए (गुणवत्ता तपासणीच्या) टेस्ट करतो. एका सेंटरात टेक्निशियन मुलगी दार उघडं ठेवून फोटो काढत होती. डॉक्टरांना बोललो, तर त्यांनी टीएलडी बॅजचे, म्हणजे अंगावर लावून किरणांचा डोस मोजणाऱ्या बिल्ल्यांचे रिपोर्ट पुढे टाकले. दर तिमाहीला शून्य. "रिपोर्ट कोरा आहे की, मग भांडताय कशाला? इथं बॉर्डरवर कोण बघायला येतंय?"

मी कंट्रोल बॅज मागितला. तो एक्स-रे रूममधल्याच कपाटात होता! हा बॅज कुणी लावायचा नसतो, किरणं पोचणार नाहीत अशा जागी ठेवायचा असतो. त्याच्यावर जेवढा डोस नोंदला जातो तेवढा बाकी सगळ्यांच्या रीडिंगमधून वजा होतो. म्हणजे त्या पोरीला खरा डोस किती बसला हे त्या शून्यावरून कुणालाच कळणार नव्हतं. कायद्यानं कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे डोसचं माप), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. ही मर्यादा पाळली जाते की नाही, हे मोजायचं कशानं?

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही फिजिक्सवाल्यांनी आधी दवाखाना चालवून दाखवावा." मी रिपोर्टात शेरा लिहिला, खोडायला नकार दिला. पुढची टेस्ट त्यांनी दुसऱ्याला दिली. दिली तर दिली. दवाखाना चालवणं अवघड असेल, पण बॅज बाहेरच्या खोलीत ठेवायला आणि दार लावायला पैसे पडत नाहीत. म्हणून सांगतो, कुठंही गेलात की लायसन्स बघायच्या आधी कंट्रोल बॅज कुठाय ते विचारा.

आणि कन्नड शिका. घरी आपण मराठी बोलतो म्हणून अडून बसू नका. कागद इंग्रजीत असतात, पण अथणी-गोकाककडचा टेक्निशियन मालकाच्या माघारी खरं सांगतो ते कन्नडातच. भरतीच्या अटी मात्र त्या-त्या वेळच्या जाहिरातीत बघून घ्या, माझ्यावर विसंबू नका.

त्या सेंटरात अजूनही दार उघडंच असतं म्हणतात. निरीक्षक झालात तर आधी तिकडं जा.