दप्तरातला ‘पेन ड्राइव्ह’ आणि मधल्या सुट्टीआधीची मारामारी

“पेन ड्राइव्ह समजून मी ते दोनदा उचलून टेबलावर ठेवलंय, मॅडम. शाळेतून फोन आला तेव्हा कळलं, व्हेप आहे म्हणून, ई-सिगारेट. आणि त्याच दिवशी यानं वर्गातल्या मुलाला स्टीलची बाटली फेकून मारली. भुवईवर तीन टाके पडले त्याच्या. मुलगा हाताबाहेर गेला का हो माझा?”

नववीतल्या मुलाच्या आईचा हा प्रश्न थोड्याफार फरकानं वारंवार येतो. खालचं प्रकरण एका मुलाचं नाही. अशा अनेक प्रकरणांतून ते जुळवलेलं आहे, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको. घरचे व्यसन आणि दांडगाई अशी दोन दुखणी मोजतात, शाळाही दोन वेगळे शेरे लिहिते. समुपदेशनाच्या खोलीत बसून मुलाच्या दिवसाचं घड्याळ मांडलं की बहुतेक वेळा दोन्हींची गाठ एकाच जागी सापडते.

पहिल्या भेटीत मुलगा बोलला नाही. आदल्या रात्री बाबांनी पट्टा काढला होता, त्यामुळे ते अपेक्षितच होतं. मार खाल्लेलं मूल पुढच्या वेळी फक्त लपवायची जागा बदलतं. म्हणून ‘का ओढतोस?’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि तीन साधे प्रश्न विचारले. उठल्यावर पहिला झुरका किती वेळानं? एक व्हेप किती दिवस पुरतं? रात्री जाग आली की ओढावंसं वाटतं का? उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला झुरका लागत असेल, तर तो शौक उरलेला नाही, शरीर मागतंय. याचं उत्तर होतं, “आंघोळीला जातो तेव्हाच.” म्हणजे साडेसहा.

मग कागदावर त्याचा दिवस आखला. शाळा सात दहाला, मधली सुट्टी नऊ पन्नासला. बाटली फेकली ती नऊ वीसला. मागच्या महिन्यात गणिताच्या तासाला बाक ढकलला, तोही नऊच्या पुढेच. कॉलर धरल्याची आणखी एक नोंद होती, ती सुट्टीच्या दहा मिनिटं आधीची. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. सकाळच्या झुरक्याला पावणेतीन तास होऊन गेलेले, पुढचा झुरका स्वच्छतागृहामागे सुट्टीत. मधल्या काळात अंगाची तगमग, लक्ष लागत नाही, कुणी नुसतं ‘ए’ म्हटलं तरी डोकं फिरतं. कागदाकडे बघून तो मुलगा पहिल्यांदा आपणहून बोलला, “सुट्टीनंतर कधीच भांडण झालं नाही माझं.”

सगळा राग निकोटिनच्या खात्यावर मात्र टाकू नये. दुसऱ्या भेटीत कळलं की बाटलीचा मार खाल्लेला मुलगा आणि हा, दोघं मिळून एक व्हेप घेत होते आणि याची उधारी थकली होती. त्यानं ती चारचौघांत मागितली. तलफ, उधारी आणि सगळ्यांसमोर गेलेली लाज असं तिन्ही एकत्र आलं. शाळेतल्या मारामाऱ्यांत पैशांचा हा धागा मोठ्यांना सहसा दिसत नाही, कारण ‘कशावरून भांडलात?’ याचं उत्तर दोन्ही मुलं ‘काही नाही सर, मस्करी’ असंच देतात.

मुलाचं म्हणणं होतं, “त्यात तंबाखू नाही, वाफ असते नुसती.” इथे भाषण न देता आकडेमोड करायला दिली. वेष्टनावर पाच टक्के लिहिलेलं, द्रव दोन मिलिलिटर. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे पन्नास मिलिग्रॅम निकोटिन, दोनमध्ये शंभर. एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या शरीरात जेमतेम एक ते दीड मिलिग्रॅम जातं. व्हेपमधलं सगळंच्या सगळं अंगात जात नाही, हेही त्याला सांगितलं. तरी त्याचं व्हेप चार दिवसांत संपत होतं, त्यामुळे पुढचा हिशेब त्याचा त्यानंच केला. बाकी यंत्र साधं असतं. लिथियमची बॅटरी, तापणारी तार, द्रवात भिजलेला कापूस. वाफ म्हणतात ते प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरिन, वास आणि निकोटिन यांचे बारीक थेंब. आंबा-पुदिन्याच्या वासामुळे आणि घशाला कमी झोंबणाऱ्या निकोटिन क्षारामुळे मूल खोल ओढतं, ठसकाही लागत नाही.

शाळेत याच जागी चूक होते. प्रार्थनेनंतर पाहुणे येतात, काळ्या फुप्फुसाचं चित्र दाखवतात. व्हेपमध्ये सिगारेटसारखं डांबर नसतं, मुलांना ते ठाऊक असतं, आणि मग पाहुण्यांचं उरलेलं खरंही वाया जातं. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेपमुळे फुप्फुसांना गंभीर इजा होण्याची लाट आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण आणि 68 मृत्यू नोंदले गेले. हे जरूर सांगावं, पण बहुतेक रुग्णांनी गांजातला घटक असलेला द्रव ओढला होता आणि त्यातल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर मुख्य संशय होता, हेही सांगावं. अर्धवट सांगाल तर शेवटच्या बाकावरचा कुणीतरी मोबाइलवर शोधून वर्गाला वाचून दाखवेल. वर्गात स्वादांची नावं घेऊ नयेत, फुकटची जाहिरात होते. त्याऐवजी दोन तासिका ठेवाव्यात. पहिलीत वरची आकडेमोड आणि दिवसाचं घड्याळ. दुसरीत जोड्या करून नकाराचा सराव, आवाज काढून, उभं राहून. “आज नको, प्रॅक्टिस आहे,” एवढं छोटं वाक्य चालतं. लांबलचक कारण दिलं की समोरचा वाद घालतो.

आईची दुसरी भीती पोलिसांची. 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी त्यात वेगळं शिक्षेचं कलम नाही. पण मुलं एकमेकांना विकू लागली की ती विक्रीच ठरते, आणि हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितलं. सापडलेलं व्हेप ठेचू नये, जाळू नये, ओल्या कचऱ्यात टाकू नये. बॅटरी पेट घेते. द्रव हाताला लागला तर साबणानं धुवावा. घरात लहान भावंड असेल तर व्हेप आधी त्याच्या हातापासून दूर, बंद डब्यात ठेवावं आणि मग ई-कचऱ्यात द्यावं.

सोडायचा दिवस मुलानंच ठरवला, घटक चाचणी संपल्यानंतरचा शनिवार. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट, चिडचिड पुढे दोन ते चार आठवडे रेंगाळते. घरच्यांना हे आधी सांगितलं नाही तर ‘सोडल्यावर आणखीच उद्धट झाला’ म्हणून पुन्हा पट्टा निघतो. तलफेची लाट साधारण तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढ्यापुरतं गार पाणी, बडीशेप, जिना चढ-उतार. सुगंधी सुपारी मात्र नको, ती दुसऱ्या व्यसनाची पायरी आहे. निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगम अठराच्या आतल्या मुलाला आपल्या मनानं देऊ नयेत, डॉक्टरांना विचारावं. 1800-11-2356 या तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर किंवा मन फारच खचलेलं दिसलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करता येतो.

वर्गशिक्षिकेशी एक करार झाला. नऊ ते दहाच्या दरम्यान त्यानं बाकावर पिवळं कार्ड ठेवलं की न विचारता नळापर्यंत जायची मुभा, पाच मिनिटं, दप्तर वर्गातच. भांडण सुरू होतंय असं वाटलं तर आधी दोन पावलं मागे आणि हातातली वस्तू खाली. टाके पडलेल्या मुलाशी त्याच दिवशी हस्तांदोलन करवायचा मुख्याध्यापकांचा बेत मोडून काढावा लागला. आठ दिवसांनी दोन्ही पालकांसमोर त्यानं आपण नेमकं काय केलं ते सांगितलं, समोरच्यानं काय दुखलं ते सांगितलं, दवाखान्याचा खर्च बाबांनी दिला आणि उधारीही तिथेच मिटवली.

पाचव्या आठवड्यात मावसभावाच्या वाढदिवसाला दोन झुरके झाले. आईनं रडत फोन केला, “सगळं पाण्यात गेलं.” तिला सांगितलं, दिवस पुन्हा शून्यापासून मोजू नका. कुठे होता आणि सोबत कोण होतं, एवढंच विचारा आणि कागदावर लिहा. कागदावर मावसभावाच्या गच्चीचं नाव चढलं. पिवळं कार्ड त्या आठवड्यात चार वेळा निघालं, बाकावरची बाटली बाकावरच राहिली.