छप्पनची फ्रेम आपल्याला बसेल का, भाऊ?

प्रश्न : भाऊ नमस्कार, मी अमळनेरचा. वय ३४, उंची ५ फूट ७ इंच. दोन वर्षं हायब्रिड चालवतोय, आता २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायचीय. पुण्यात एक जण जुनी स्टीलची रोड बाईक फ्रेम विकतोय, लगवाली, म्हणजे नळ्या सांध्यावर धातूच्या खोळीत बसवून झाळलेली, रेनॉल्ड्स ५३१ नळीचं स्टिकर आहे, साइज ५६ सेंटीमीटर. तो म्हणतो तुमच्या उंचीला चालून जाईल. रंग एवढा भारी आहे की रात्री झोपताना फोटो उघडून बघतो. घेऊ का?

उत्तर : आधी तो फोटो डिलीट करा. गंमत नाही करत, मीसुद्धा रंगाला भुललेला माणूस आहे, ती फजिती पुढे सांगतो.

‘चालून जाईल’ हा शब्द विकणाऱ्याचा. आपण तुमचं माप काढू. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ टेकून उभं राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा, घरातलं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरा आणि वर दाबा. सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा दाबा, लाजून हलकं धरलंत तर दोन सेंटीमीटर तिथेच गेले. पुस्तकाची वरची कड भिंतीला जिथे टेकेल तिथे घरच्या कोणाकडून पेन्सिलची खूण करून घ्या आणि जमिनीपासून त्या खुणेपर्यंत शिंप्याची टेप लावा. तीनदा करा, दरवेळी आकडा थोडा वेगळा येतो. पॅन्टचं आतलं माप इथे उपयोगाचं नाही, ते कमीच भरतं.

तुमच्या उंचीला हे साधारण ७९ सेंटीमीटर येतं, तेवढं धरून चालू. ७९ ला ०.८८३ ने गुणलं की ६९.८, ही बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांचा आस बसतो त्या नळीच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. ०.६५ ने गुणलं की ५१.३, ही फ्रेमची साइज, सीटच्या नळीवर मध्य ते मध्य मोजलेली. हे गुणाकार जुन्या आडव्या दांडीच्या फ्रेमवरून निघालेत, टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडमुळे जगभर माहीत झाले, आणि तुमची फ्रेम त्याच जातीची असल्यामुळे इथे लागू पडतात. आजकालच्या उतरत्या दांडीच्या फ्रेमला ०.६५ लावत बसू नका.

म्हणजे तुम्हाला हवी ५१-५२, आणि पुढ्यात आलीय ५६. त्याला एक विचारा, ५६ कुठून कुठपर्यंत मोजली? काही जण नळीच्या टोकापर्यंत मोजतात, तसं असेल तर मध्य ते मध्य ती साडेचोपन्नच्या आसपास भरेल. तरी मोठीच.

आता दांडीची उंची बघा. सीटची नळी ७३ अंशात कललेली असते, त्यामुळे ५६ ची सरळ उंची होते साडेत्रेपन्न, बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून २७ च्या आसपास, बेरीज साडेऐंशी. तुमचे ७९ आणि बुटाचा तळ दोन, झाले ८१. उरला अर्धा सेंटीमीटर. रस्त्यात म्हैस आडवी आली आणि झटक्यात उतरलात तर काय होईल ते मासिकात छापता येणार नाही. निदान तीन-चार सेंटीमीटर मोकळे पाहिजेत.

पण उंचीचं एवढं नाही हो, खरा घोळ लांबीत आहे आणि तीच कोणी बघत नाही. आपल्याकडे सायकलचं माप म्हटलं की पाय पुरतात का एवढंच बघतात, लहानपणी दांडीखालून पाय घालून शिकलेले आपण, पाय पुरले की सायकल आपली. जुना दुकानदार फार तर मूठभर सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, बाहेर दिसतेय ना ते बघेल. आता गंमत बघा, ५६ च्या फ्रेमवरही तुमची मूठभर सीटपोस्ट दिसणारच आहे, हिशोब करून बघा, ७० मधून ५६ गेले १४, त्यातून सीटची जाडी पाचेक, राहिले नऊ. म्हणजे मुठीच्या परीक्षेत तुम्ही पास आणि सायकल मात्र नापास! कारण सीट खालीवर होते पण दांडी काही लांब-आखूड होत नाही. ५६ च्या जुन्या फ्रेमची दांडी बहुतेक ५५-५६ लांब असते, तुमच्या अंगाला ५३ ते ५४ बास. वर खाली वळलेलं ड्रॉप हँडल, म्हणजे ब्रेकच्या हुडावर, त्या रबरी मुठींवर, हात ठेवले की आणखी सात-आठ सेंटीमीटर पुढे. हायब्रिडच्या सरळ हँडलवर बरं वाटतं ते अंतर इथे जसंच्या तसं धरू नका, त्याचं कारण हेच.

आता फजिती. काही वर्षांपूर्वी मी अशीच एक ५८ ची घेतली, निळी, लगवर चांदीच्या रेघा. विकणारा म्हणाला उंच माणसाला हीच शोभते, मीही फुगलो. पहिल्याच रविवारी जळगावहून पद्मालयला निघालो. पाळधीपर्यंत राजासारखा गेलो, एरंडोल येईपर्यंत मान अशी आखडली की मागून ट्रकचा हॉर्न आला तरी वळून बघता येईना. मग शहाणपणा केला, सीट पुढे सरकवली दोन सेंटीमीटर. मान जरा सुटली, गुडघे धरले. सीट पुढे-मागे करायची ती पायडलच्या हिशोबाने, हात पुरत नाहीत म्हणून नाही, हे मला गुडघ्याने शिकवलं. मग ११ सेंटीमीटरचा स्टेम, म्हणजे हँडल पुढे धरणारा तुकडा, काढून ६ चा लावला, तर हँडल असं चळायला लागलं की पाण्याची बाटली काढायला एक हात सोडायची भीती वाटायची. शेवटी विकली. स्टेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर बदलून काम होत असेल तर फ्रेम तुमची, ६ चा स्टेम लावायची वेळ आली तर फ्रेम दुसऱ्याची.

आणि २०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. तेवढा वेळ त्याच मापात बसून काढायचा आहे, अर्ध्या तासाच्या ट्रायलवर जाऊ नका.

स्टिकरबद्दल. ५३१ ही नळी रेनॉल्ड्सने १९३५ साली आणली, खरी असेल तर आजही उत्तम. पण स्टिकर नवीनही छापून मिळतं. सीटपोस्ट काढून तिच्यावर कोरलेला आकडा वाचा. २७.२ मिलीमीटर असेल तर नळी पातळ आणि चांगली असायची शक्यता बरीच, २६ च्या आतबाहेर असेल तर नळी जाड, मग स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो.

शेवटचं, टायर किती जाडीचं बसतं ते विचारा. जुन्या रेसच्या फ्रेममध्ये बहुतेक २५ मिलीमीटरच्या वर जात नाही. स्टील मऊ चालतं म्हणतात ते थोडं खरं आहे, पण आपल्या रस्त्यांवर हाडं वाचवतं ते जाड टायर. कन्नड घाट चढून परत उतरून बघा मग कळेल. २८ तरी बसलंच पाहिजे, ३२ बसलं तर सोन्याहून पिवळं. बाभळीचे काटे सोडत नाहीत ते वेगळं.

तर ५६ सोडा. ५१ किंवा ५२ ची, दांडी ५३-५४ ची शोधा, कळकट रंगाची असली तरी घ्या. रंग काय, धुळ्या-जळगावात कोणीही गाड्यांचा पेंटर मारून देईल.

प्रश्न : दादा, मी भुसावळची, उंची ५ फूट १ इंच. सगळे म्हणतात लेडीज सायकल घे. मला रोड बाईकच पाहिजे आणि स्टीलचीच. एवढी लहान मिळते का?

उत्तर : मिळते ताई, पण फसवतात. पुस्तकवालं माप वर दिलंय तसं काढा. ७२ आलं असं समजू, म्हणजे ४७ ची फ्रेम, दांडी ५०-५१.

फसवणूक अशी होते. ७०० ची चाकं तीच ठेवून फ्रेम लहान करायची म्हणजे पुढचं चाक पायाला लागायला लागतं. ते टाळायला बनवणारा सीटची नळी उभी करतो, ७३ ऐवजी ७५ अंश. मग कागदावर दांडी दोनेक सेंटीमीटर आखूड दिसते, पण तुम्ही सीट मागे घेऊन योग्य जागी बसलात की ते दोन सेंटीमीटर परत येतात. म्हणून लहान फ्रेममध्ये दांडीचा आकडा एकटा बघू नका, रीच विचारा, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यावरून उभी रेघ काढली तर तिथून हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीच्या, माथ्याच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर. सीटच्या नळीचा कोन काहीही असला तरी या आकड्यात लबाडी करता येत नाही.

बूट चाकाला घासणं याला मात्र फार घाबरू नका. ते फक्त एकदम हळू वळताना होतं, गल्लीत यू टर्न मारताना वगैरे, वेगात हँडल तेवढं वळतच नाही. तेही नकोच असेल तर ६५० बी चाकांची फ्रेम बघा, रिमचं माप ५८४, म्हणजेच साडेसत्तावीसची एमटीबी, माउंटन बाईक, असते तेच. जुन्या ६५० सी च्या, म्हणजे ५७१ च्या वाट्याला जाऊ नका, फ्रेम सुंदर मिळेल आणि टायर शोधता शोधता केस पांढरे होतील.

लेडीज सायकल घे म्हणणाऱ्यांना चहा पाजा आणि सोडून द्या.

प्रश्न : मी शिरपूरचा. वडिलांची काळी २४ इंची सायकल घरात उभी आहे, फ्रेम लोखंडी, एकदम दणकट. हिलाच ड्रॉप हँडल आणि गिअर लावून रोड बाईक करता येईल का? खर्च वाचेल.

उत्तर : खर्च वाढेल भो. ती स्टीलचीच आहे, पण साधं स्टील, जाड नळी, सगळी सायकल मिळून वीसेक किलो. चाकाची रिम ६३५ ची, रोड बाईकची ६२२ ची. रॉडचे ब्रेक रिमला आतून दाबतात, रोडचा ब्रेक बाजूने दाबतो, त्याला तिथे जागाच नाही. सीटची नळी एवढी मागे झुकलेली की ड्रॉप हँडल लावलंत तर ते धरायला अर्धं अंग आडवं करावं लागेल. शिवाय २४ इंच म्हणजे ६१ सेंटीमीटर, वडील उंच असतील, तुम्ही आहात का?

ती वडिलांची म्हणूनच ठेवा. तेलपाणी करा, नवीन टायर घाला, बाजारातून शेव आणि मेथीची जुडी आणायला तिच्यासारखी सायकल नाही, मागच्या कॅरिअरवर केळीची अख्खी फणी बसते. रोड बाईक वेगळी घ्या.

प्रश्न : चोपड्याहून लिहितोय. मापाची स्टील फ्रेम मिळालीय, ५४, ट्रायल घेतली, मस्त बसते. पण मागच्या चाकाची जागा १२६ मिलीमीटर आणि माझं चाक १३० चं. दुकानदार म्हणतो वाकवून देतो. वाकवू देऊ का? अजून काय तपासू?

उत्तर : चार मिलीमीटरला वाकवायची पण गरज नसते, दोन्ही अंगठ्यांनी फाकवा आणि चाक आत सरकवा, दर बाजूला दोन मिलीमीटर स्टील आरामात देतं. कायमचं करायचं असेल तरी स्टीलला चालतं, अॅल्युमिनियम किंवा कार्बनला चुकूनही नाही. फक्त दुकानदार एका बाजूवर पाय देऊन उभा राहणार असेल तर सायकल उचला आणि निघा, कारण एकच बाजू सरकली की चाक मधोमध राहत नाही.

ते मधोमध आहे का हे आत्ताच बघा, एका दोऱ्यात काम होतं. मागचं चाक बसतं त्या डाव्या खाचेला दोरा बांधा, पुढे नेऊन हेड ट्यूबला वळसा घाला, परत उजव्या खाचेला ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर पट्टीने मोजा. एक-दीड मिलीमीटर फरक सोडून द्या, पाच आला तर फ्रेम वाकडी आहे.

मग हेड ट्यूबच्या मागे, दोन्ही नळ्यांच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा बारीक उंचवटा लागला तर ती कुठेतरी समोरून धडकलीय. असली फ्रेम ‘ग्रिलवाल्याकडून वेल्डिंग मारून घेऊ’ म्हणू नका, चांगल्या नळीची मधली जाडी अर्धा-पाऊण मिलीमीटर असते, गेटच्या वेल्डिंगने थेट भोक पडेल. लगची फ्रेम पितळेने नाहीतर चांदीने झाळतात, ते काम येणारा माणूस वेगळा.

बॉटम ब्रॅकेटचे आटे कोणते तेही विचारून घ्या. नळी ६८ मिलीमीटर रुंद असेल तर बहुतेक इंग्लिश, ते आपल्याकडे सहज मिळतं आणि चेनच्या बाजूचं उलट फिरतं. ७० भरली तर इटालियन, मग पार्ट बाहेरून मागवायची तयारी ठेवा.

आणि पैसे द्यायच्या आधी सीटपोस्ट आणि स्टेम, दोन्ही त्याच्यासमोर ढिले करून बाहेर काढून बघा. स्टीलच्या नळीत अॅल्युमिनियमची पोस्ट वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिली की आत अशी धरते की मग करवतीनेच काढावी लागते, आणि तुमचं माप कितीही बरोबर असलं तरी सीट मागच्या मालकाच्याच उंचीवर राहते. तो म्हणेल थोडी जाम आहे, तेल टाकलं की सुटेल. तर म्हणा टाका तेल, मी बसलोय.