पुण्याहून मेलबर्नला येताय? फास्ट बंच राइडबद्दल सविस्तर उत्तर

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांत नोकरीसाठी मेलबर्नला येताय. पुण्यात दर शनिवारी सिंहगड किंवा बोपदेव घाट करणाऱ्या ग्रुपबरोबर सायकल चालवता, सपाटीवर ताशी ३२-३३ किलोमीटरचा ॲव्हरेज पडतो, बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) केल्या आहेत, डेक्कन क्लिफहँगर ही पुणे-गोवा शर्यत टीममधून झाली आहे. आणि विचारलंय की इथे तसाच किंवा त्याहून फास्ट ग्रुप कसा शोधायचा, सायकल बरोबर आणायची का, आणि घर कुठल्या बाजूला बघायचं. मी मूळची नाशिकची, बरीच वर्षं इथे आहे आणि अजूनही आठवड्यातून दोन सकाळी बंचमध्ये, म्हणजे चाकाला चाक लावून वेगाने जाणाऱ्या घोळक्यात, असते. त्यामुळे हातचं काही न राखता लिहिते.

फास्ट ग्रुप शोधायला इथे कष्ट पडत नाहीत. शनिवारी किंवा रविवारी पहाटे बीच रोडवर जाऊन उभे राहा. सेंट किल्डापासून एलवूड, ब्रायटन, सँडरिंगहॅम, ब्लॅक रॉक, ब्यूमॅरिस करत मॉर्डिॲलकपर्यंत हा रस्ता पोर्ट फिलिप उपसागराच्या कडेकडेने जातो. शनिवार-रविवार सकाळी ६ ते १० या रस्त्याच्या मोठ्या भागावर गाड्या पार्क करायला बंदी असते, ती सायकलवाल्यांसाठीच. डावी लेन मोकळी मिळते. दोन-दोनच्या रांगेत वीस-तीस जण एका लयीत जाताना दिसतात, आणि पाच मिनिटांनी पुढचा घोळका येतो. दोघांनी शेजारी-शेजारी चालवणं इथे कायद्याला मान्य आहे. बाइपासवर हॉर्न खाऊन आलेल्या माणसाला हे बघूनच बरं वाटतं.

तर बंच दिसणं सोपं. त्यात घेतलं जाणं हे खरं काम, आणि त्याला पायातल्या ताकदीपेक्षा वेगळी गोष्ट लागते. तुमच्या प्रश्नात सगळा भर वेगावर आहे म्हणून हे आधी सांगते. आपल्याकडची तयारी बहुतेक बीआरएमची आणि घाटाची. म्हणजे आपापल्या दमाने, आपापल्या लयीत, लांब अंतर. वाऱ्यात तासन् तास एकटं चालवणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. पण पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर ४० च्या वेगाने, ब्रेकला बोट न लावता, मागच्या वीस जणांना धक्का न देता चालवणं हे कौशल्य एकट्याने घडत नाही. इथली बंचची पद्धत रेसिंगमधून आली आहे. मेलबर्न ते वॉर्नम्बूल ही अडीचशे किलोमीटरहून लांब शर्यत पहिल्यांदा १८९५ मध्ये झाली. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यत आणि ‘घाटाचा राजा’ या किताबाला जो मान, तसाच तिचा इथे आहे. तेव्हापासूनचे शिष्टाचार क्लबांमधून खाली उतरत आले आहेत आणि लोक ते गांभीर्याने पाळतात.

रोलिंग टर्न्स, म्हणजे पाळीपाळीने पुढे येऊन वारा अंगावर घ्यायची पद्धत, काय ते नीट सांगते, कारण पहिल्याच आठवड्यात गाठ पडेल. दोन रांगा असतात. एक किंचित वेगाने पुढे सरकते, दुसरी किंचित हळू मागे येते. पुढे सरकणाऱ्या रांगेतून टोकाला आलात की समोरचा माणूस बाजूच्या रांगेत सरकलेला असतो. तुमचं मागचं चाक त्याच्या पुढच्या चाकापलीकडे गेलं की तुम्हीही त्याच्यासमोर सरकायचं आणि पायांवरचा दाब थोडा सोडायचा. वाऱ्यात तुमचा वेळ जेमतेम दहा-पंधरा सेकंदांचा. मग हळूहळू मागे यायचं. सगळ्यात मागचा माणूस तुम्ही त्याच्या शेजारी आलात की ‘लास्ट’ म्हणतो, म्हणजे तुम्ही चटकन त्याच्या मागे लागून पुन्हा पुढे जाणाऱ्या रांगेत शिरायचं. हे नीट चाललं की बंचमध्ये कोणी बोलत नाही, फक्त टायरचा आणि चेनचा आवाज येतो.

बिघडतं ते बहुधा ताकदवान नवख्यामुळे. त्याची टोकावर जायची पाळी येते, त्याला वाटतं आता दाखवून द्यावं, आणि तो ३८ चे ४२ करतो. पुढे फट पडते, मागचे आठ जण ती भरायला जोर काढतात, शेवटचा सुटतो. दहा मिनिटांत तीनदा असं झालं की कोणीतरी शेजारी येऊन ‘इझी, मेट’ म्हणतं. ते रागावणं नसतं, शिकवणं असतं. तुमची पाळी आली की स्पीडोमीटरवरचा आकडा बदलता कामा नये, एवढं एक पाळलंत तर महिन्याभरात लोक तुमचं चाक विश्वासाने धरतील. दुसरं, शेजाऱ्याच्या हँडलच्या अर्धं चाक पुढे राहत जायची सवय असेल तर ती पुण्यातच सोडून या. याला इथे हाफ-व्हीलिंग म्हणतात आणि ते कोणालाही आवडत नाही.

सूचना ओरडून आणि हाताने दोन्हीने देतात: ‘होल’ (खड्डा), ‘कार बॅक’ (मागून गाडी), ‘स्टॉपिंग’ (थांबतोय), ‘रोलिंग’ (न थांबता पुढे चाललोय). पाठीमागे हात नेऊन बोटाने एका बाजूला दाखवलं की पुढे उभी गाडी किंवा अडथळा आहे, त्या दाखवलेल्या बाजूला सरका. पुढून आलेली सूचना मागे पोचवणं हे प्रत्येकाचं काम.

शिरायचं कसं? माझा सल्ला: आधी क्लब, मग खुले बंच. ऑसायकलिंग ही इथली राष्ट्रीय संस्था, २०२० मध्ये तीन जुन्या संस्था एकत्र होऊन झालेली, आणि बहुतेक क्लब तिच्याशी जोडलेले आहेत. सभासदत्वाबरोबर विमा मिळतो. सेंट किल्डा, हॉथॉर्न, ब्लॅकबर्न, ब्रन्सविक, फुटस्क्रे, असे शहराच्या प्रत्येक बाजूला क्लब आहेत. येण्याआधीच दोन-तीन क्लबांना ईमेल करा. त्यात क्लिफहँगरबद्दल एक ओळ पुरे. त्यापेक्षा हे लिहा की बंचमध्ये कितपत चालवलं आहे, रोलिंग टर्न्स केल्या आहेत का, सपाटीवर तासभर किती वेग टिकतो. खरं लिहा. बहुतेक क्लबांच्या राइड वेगाप्रमाणे विभागलेल्या असतात. तुमच्या ३२-३३ ला शोभेल त्याच्या एक पायरी खालच्या राइडला पहिले काही आठवडे जा. तिथे पाय मोकळे असतात, त्यामुळे लक्ष चाकांवर आणि माणसांवर राहतं. राइड लीडर बघत असतो. तोच एक दिवस म्हणतो, पुढच्या शनिवारी फास्टवाल्यांबरोबर जा. असं बोलावणं मिळालेला माणूस आणि नुसता मागे येऊन चिकटलेला माणूस यांना बंचमध्ये मिळणारी वागणूक फार वेगळी असते.

स्ट्राव्हा या राइडची नोंद ठेवणाऱ्या ॲपचाही उपयोग करा, पण हुशारीने. त्यात बीच रोडवरचा एखादा सेगमेंट (रस्त्याचा ठरावीक तुकडा) उघडा, शनिवारी पहाटे तिथून गेलेल्यांच्या राइड बघा. बरोबर कोण कोण होतं तेही दिसतं. तीन-चार शनिवार तेच चेहरे, तीच वेळ, तेच वळायचं ठिकाण दिसलं की तो ठरलेला बंच. त्याचा ॲव्हरेज आणि सिग्नलवर थांबायची पद्धत दोन्ही कळतं. सायकलच्या दुकानांच्या राइडही असतात, त्या नवख्यांना बऱ्या.

आणि राइडनंतरची कॉफी चुकवू नका. घरी मुलं वाट बघतायत, ब्रेकफास्ट व्हायचाय, सगळं मान्य. पण पुढची राइड कुठे, मंगळवारी पहाटे कोण जातंय, कोणत्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर टाकायचा, हे सगळं त्या टेबलावर ठरतं. आपली माणसं बहुतेक वेळा राइड संपली की हात हलवून निघतात, आणि मग वर्षभर ‘ओळख होत नाही’ म्हणतात.

एका बंचबद्दल स्पष्ट बोलते, कारण तुम्ही नाव ऐकलं असेलच: हेल राइड. शनिवारी सकाळी बीच रोडवरून फ्रँकस्टनच्या पलीकडे माउंट एलायझाकडे जाणारी, कोणाचीही अधिकृत नसलेली, अतिशय वेगवान राइड. २००६ मध्ये मेंटोनला लाल दिवा तोडून गेलेल्या या बंचमधल्या सायकलस्वाराने धडक दिली आणि रस्ता ओलांडणारे एक वृद्ध गृहस्थ गेले. त्यानंतर या शहरात बंच राइडकडे बघायची नजर बदलली. आज तुम्ही ज्या बंचमध्ये असाल तो पिवळ्या दिव्यावर जोर काढत असेल तर तो बंच सोडा, कितीही फास्ट असला तरी. थांबणारे फास्ट बंच इथे हवे तेवढे आहेत.

बंचमधून मागे सुटलात तर घाबरू नका. बीच रोडला जवळपास समांतर फ्रँकस्टन लाइनची ट्रेन आहे. ट्रेनमध्ये सायकल नेता येते, त्याचे जास्त पैसे नाहीत, फक्त पहिल्या डब्याच्या पहिल्या दाराने चढायचं नाही. उन्हाळ्यात उत्तरेचा गरम वारा असतो. जाताना पाठीवर घेऊन ४५ ने उडाल्यासारखं वाटतं आणि परत येताना तोच तोंडावर. वळण्याआधी पाय शिल्लक ठेवा.

चढाची भूक डँडेनाँग डोंगरांत भागेल. द बेसिन या गावापासून ससाफ्रासपर्यंतचा ‘वन इन ट्वेंटी’ साधारण ७ किलोमीटरचा, एकसारखा, मवाळ चढ आहे. सिंहगड करणाऱ्याला तो मोठ्या गिअरमध्ये खेचावासा वाटेल. क्यू या उपनगरातलं यारा बुलेव्हार्ड आठवड्यातल्या संध्याकाळच्या सरावाला उत्तम. तिथे काही वर्षं कोणीतरी रस्त्यावर टाचण्या टाकत असे, म्हणून दोन ट्यूब बरोबर ठेवायची सवय अजून आहे. क्रिटेरियम (बंद रस्त्यावर छोट्या फेऱ्यांची शर्यत) बघायचे असतील तर उन्हाळ्यात मलग्रेव्हच्या ग्लेनवेल क्रेसेंटवर जा. क्लबच्या शर्यतीत ए पासून खाली ग्रेड असतात. सुरुवात सी किंवा डी मधून करा. बंच हाताळणं शिकायला बंद रस्त्यावरच्या शर्यतीसारखी जागा नाही.

तीन धोके पुण्यात नसलेले. पहिला ट्रामचे रूळ: ओले असताना साबणासारखे निसटतात. काटकोनात ओलांडा, त्यावर वळू नका, ब्रेक लावू नका. दुसरा मॅगपाय पक्षी. साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर घरट्याच्या जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर मागून झडप घालतो, कानाशी चोच वाजते. गॉगल हवाच. हात उगारू नका, वेग धरून पुढे निघा, बंचमध्ये अचानक वळू तर मुळीच नका. तिसरा हिवाळ्याचा अंधार: जून-जुलैत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे आठवड्यातली अख्खी राइड दिव्यांवर. पुढचा-मागचा चांगला दिवा, हातमोजे आणि बिनबाह्यांचं जॅकेट (जिले) घ्याच.

पैशाचं थोडक्यात. गाडीशी अपघात झाला तर व्हिक्टोरियात टीएसी ही सरकारी संस्था उपचाराचा खर्च बघते, चूक कोणाची का असेना. पण स्वतःच घसरून पडलात तर ती नाही. ॲम्ब्युलन्सचं बिल मोठं येतं. तुमच्या हेल्थ कव्हरमध्ये ती आहे का बघा, नसेल तर ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाचं वर्षाचं सभासदत्व उतरल्या उतरल्या घ्या.

सायकल जरूर आणा, फिट बसलेली सायकल सोडू नये. फक्त ती चकचकीत धुवून. विमानातल्या कार्डावर वापरलेली सायकल जाहीर करावी लागते आणि बायोसिक्युरिटीचे (बाहेरची माती, बिया, किडे रोखणारे) लोक बॉक्स उघडून बघू शकतात. माती त्यांना चालत नाही. टायर, बॉटम ब्रॅकेटखालची (पेडलच्या आसाखालची) खोबण, ब्रेकमागचा कोपरा, आणि सगळे विसरतात ते बुटांचे क्लीट (तळाला असलेले, पेडलमध्ये अडकणारे तुकडे), हे जुन्या टूथब्रशने घासा. टायरमध्ये हवा भरायची सीओटूची काडतुसं आणू नका, इथे मिळतात. हेल्मेट इथे सक्तीचं आहे, १९९० पासून. शर्यतीला त्याच्या आतलं सुरक्षा-मानकाचं स्टिकर तपासतात, म्हणून नवं इथेच घ्या.

आता घर. आपली मंडळी टारनीट, पॉइंट कुक या पश्चिमेच्या भागात खूप आहेत. घरं परवडतात, किराणा मिळतो, मुलांना सोबत मिळते. पण वेस्ट गेट पुलावर सायकल चालत नाही, त्यामुळे पहाटे सहाच्या बीच रोड राइडला गाडीत सायकल टाकून निघावं लागतं. पश्चिमेलाच राहणार असाल तर फुटस्क्रेसारख्या तिकडच्या क्लबात रमा. बीच रोड हवाच असेल तर क्लेटन, बेंटली, चेल्टनहॅम या पट्ट्यात भाडं बघा, तिथून समुद्र सायकलने गाठता येतो आणि ट्रेनही जवळ. ऑफिस शहरात आहे की मलग्रेव्हच्या बाजूला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, म्हणजे कोणत्या क्लबला आधी ईमेल करायचा ते सांगते.