लर्निंग लायसन्स मिळाल्यावर

लर्निंग मिळालं, अभिनंदन! पण लगेच मित्राला मागे बसवून निघू नकोस. शिकाऊ लायसन्सवर मागे फक्त पक्कं लायसन्स असलेला, तुला शिकवणारा माणूस चालतो. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवाच.

हे लायसन्स सहा महिने चालतं. पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. एजंट म्हणेल, 'टेस्टचं मी बघतो.' त्याच्या नादी लागू नकोस. टेस्टमध्ये लागतो तसा गाडीने आठचा आकडा पाय न टेकवता काढणं जमेपर्यंत मोकळ्या मैदानात सराव कर: क्लच अर्धा धरायचा, मागचा ब्रेक हलकाच दाबायचा, नजर पुढच्या वळणावर. मंडईच्या गर्दीत हेच हात कामाला येतात, म्हणून एवढा आग्रह.

हेल्मेट आयएसआय मार्कचं घे आणि पट्टा लाव. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे. नाहीतर १,००० रुपये दंड, शिवाय लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये ठेवलीस तरी चालतात. पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) आणि विम्याच्या तारखा मात्र बघत राहा.

आणि धाकट्या भावाने कितीही हट्ट केला तरी तो अठराचा होऊन लायसन्स काढेपर्यंत गिअरची गाडी देऊ नकोस. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गाडीची नोंदणीही वर्षभर रद्द होते.